साथीचे दिवस आणि शिवाजीनगरचे देऊळ

बंगळूर शहरातील शिवाजीनगर हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे या शहराचा आणि मराठ्यांचा संबंध सतराव्या शतकातच जडला होता. परंतु आज ज्या वस्तीला हे नाव आहे, ती वस्ती वाढली इंग्रजांच्या लष्करी छावणीच्या आश्रयाने. छावणीतील लोक तिला ब्लॅकपल्ली म्हणत. जिंजीच्या बाजूने आलेली तमिळ ख्रिस्ती कुटुंबे येथे शेती करून राहिली होती, आणि त्यांनीच या वस्तीत मरियामातेच्या उपासनेचा पाया घातला. आज रसेल मार्केटच्या गजबजाटातून बाहेर पडणाऱ्याला मशिदींचे मिनार दिसतात, तसा सुमारे १६० फूट उंचीचा एक गॉथिक मनोराही दिसतो. तो सेंट मेरीच्या देवळाचा. वसईकडील ख्रिस्ती बांधव चर्चला देऊळच म्हणतात; तोच शब्द येथे योजावयास हरकत नाही.

या देवळाचा आणि साथीच्या रोगांचा संबंध योगायोगाचा नाही. तो त्याच्या जन्मापासूनचा आहे.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतानाचे राज्य संपले. म्हैसूरच्या मुलखातील विखुरलेल्या ख्रिस्ती समाजाची घडी पुन्हा बसविण्यासाठी झाँ-आंत्वान द्युबॉय हे फ्रेंच धर्मगुरू तेथे गेले. हिंदू रीतिरिवाजांवरील ग्रंथाचे कर्ते म्हणून ॲबे द्युबॉय हे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे. अंगात देशी पोशाख, आहार शाकाहारी, राहणी साधी, असा हा मनुष्य. ब्लॅकपल्लीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जे लहानसे प्रार्थनामंदिर उभे राहिले, ते त्यांच्या खटपटीतून. पण त्यांचे दुसरे एक काम फारसे सांगितले जात नाही. देवीच्या रोगावरील जेनरची लस १८०२ च्या जूनमध्ये मुंबईस पोहोचली, आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानात प्रथम ती टोचण्यात आली. त्यानंतर दीडदोन वर्षांच्या आतच द्युबॉय यांनी म्हैसूरच्या मुलखात २५,००० हून अधिक लोकांना लस टोचविली. दंडावर जखम करून घ्यावयास लोक सहजासहजी तयार होत नसत. ज्याच्यावर विश्वास असेल, त्याच्याच हाती माणूस आपला दंड देतो. धर्मगुरूंनी आपल्या शब्दाचे वजन त्या कामी खर्च केले.

आजची भव्य वास्तू त्यानंतरची. १८७५ ते १८८२ या काळात फादर क्लायनर यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली आणि ८ सप्टेंबर १८८२ रोजी, मरियेच्या जन्मदिनी, बिशप कोआदू यांच्या हस्ते तिचे पवित्रीकरण झाले. पुढे १८९० मध्ये क्लायनर स्वतःच म्हैसूरचे बिशप झाले. म्हणजे ज्याने हे देऊळ बांधले, त्याच्याच कारकीर्दीत या वस्तीवर सर्वांत मोठे संकट आले.

ते संकट म्हणजे १८९८ ची प्लेगची साथ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले होते. पुढच्याच वर्षी तो पुण्यात थैमान घालू लागला. रेल्वेच्या मार्गाने दक्षिणेकडे सरकत १८९८ च्या ऑगस्टमध्ये तो बंगळुरात शिरला. घरे रिकामी झाली, माणसे शहर सोडून पळाली. या धक्क्यातून बंगळूरचा नकाशाच बदलला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या मोकळ्या हवेच्या वसाहती त्याच सुमारास आखल्या गेल्या, आणि छावणीच्या भागात पुढे फ्रेझर टाउन वसविण्यात आले.

त्या दिवसांत ब्लॅकपल्लीचे लोक कोठे गेले? ते देवळात गेले. येथील भाविकांची परंपरा सांगते, की लोकांनी मरियेला आरोग्यमाता म्हणून हाक मारली आणि तिने वस्तीला तारले. साडी नेसलेल्या मरियेच्या मूर्तीपुढे आजही अनेक धर्मांचे लोक मेणबत्त्या लावतात. २९ ऑगस्टला ध्वज चढतो, नऊ दिवस प्रार्थना चालतात, भगवी वस्त्रे परिधान केलेले व्रतस्थ येतात आणि ८ सप्टेंबरच्या सायंकाळी मातेचा रथ रस्त्यांवरून निघतो. मिस्सा तमिळ, कन्नड आणि इंग्रजी अशा भाषांतून होतात. १९७४ साली या देवळास बॅसिलिकेचा दर्जा प्राप्त झाला.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावयास हवे. साथीच्या काळात माणसांनी एकत्र जमणे हे श्रद्धेच्या दृष्टीने आश्वासक, पण रोगाच्या दृष्टीने घातक असू शकते. प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांवाटे पसरतो, हे १८९८ साली पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखविले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. तेव्हा त्या वेळी देवळातील गर्दीने किती अपाय झाला, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी चालेल. परंतु जो रोग माणसाच्या श्वासावाटेच पसरतो, त्याच्यासमोर देवळाने काय करावे? लोकांना आत घ्यावे, तर त्यांच्या जिवाला धोका. दार लावून घ्यावे, तर ज्या घडीला लोकांना आधाराची सर्वांत अधिक गरज, त्याच घडीला त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवल्याचा दोष.

हा पेच नवा नव्हे. १५७६ साली इटलीतील मिलान शहरात प्लेग पसरला, तेव्हा कार्लो बोर्रोमेओ हे तेथील आर्चबिशप होते. नगराच्या अधिकाऱ्यांनी रहिवाशांना घरात कोंडले. बोर्रोमेओ यांनी शहराच्या चौकाचौकांत वेदी उभारविल्या, म्हणजे खिडकीत उभे राहून लोकांना मिस्सा पाहता यावी. दिवसातून सात वेळा घंटा वाजे आणि घराघरांतून एकाच वेळी प्रार्थनेचे सूर उठत. धर्मगुरू रस्त्याने फिरत आणि दाराशी थांबून लोकांचे पापनिवेदन ऐकत. आर्चबिशपांच्या वाड्यातील पडदे फाडून गरिबांसाठी कपडे शिवले गेले. त्याच बोर्रोमेओ यांनी गळ्यात दोर अडकवून, अनवाणी पायांनी मोठी मिरवणूकही काढली होती. आजच्या वैद्यकाला ती मान्य होणार नाही. पण वेदी चौकात नेण्याची त्यांची युक्ती मात्र काळाच्या पुढची होती. लोक देवळात येऊ शकत नाहीत, तर देवळाने लोकांपर्यंत जावे, असा तिचा अर्थ.

महाराष्ट्रातही याचा पडसाद सापडतो. वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून फिरताना वाटेच्या वळणावर दगडी क्रूस दिसतात. त्यांपैकी अनेक प्लेगच्या वर्षांतले आहेत. वाडीतील ईस्ट इंडियन कुटुंबे संध्याकाळी अशा क्रूसापाशी जपमाळेची प्रार्थना करीत. मोठे देऊळ दूर राहिले. वाडीचा क्रूस उंबऱ्याशी होता. पुण्यात, दुसऱ्या वाटेने, हीच गोष्ट सावित्रीबाई फुले यांनी केली. डॉक्टर असलेल्या यशवंताने गावाबाहेर मोकळ्या माळावर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रुग्णांना तेथे आणू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर वाहून नेले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्याच पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरे तपासताना लोकांची मने दुखविली आणि त्याचे पर्यवसान काय झाले, हे सर्वांना माहीत आहे. साथीचा बंदोबस्त सक्तीनेही होतो. काळजी मात्र सक्तीने घेता येत नाही.

१८९७ चा साथरोग कायदा पुढेही राहिला, आणि २०२० साली करोनाच्या साथीत सरकारांनी त्याचाच आधार घेतला. करोनाने देशातील पहिला बळी कर्नाटकातील कलबुर्गीत घेतला, तो त्या वर्षीच्या मार्च महिन्यात. २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. देवळे, मशिदी, गुरुद्वारे, चर्चे, सर्वांची दारे लागली. शिवाजीनगरची दाट वस्तीही या साथीतून सुटली नाही. देवळापासून जवळच असलेले जुने बोअरिंग रुग्णालय करोनाच्या रुग्णांनी भरले. ज्या गल्ल्यांत एकेका खोलीत पाचसहा माणसे राहतात, तेथे ‘घरात थांबा’ हा सल्ला किती कठीण, हे सांगावयास नको.

कॅथलिक उपासनेत हा प्रसंग विशेष अवघड होता. तिचा कणा संस्कारांचा आहे आणि संस्काराला देह लागतो. ख्रिस्तप्रसाद जिभेवर ठेवावा लागतो. आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावावे लागते. पापनिवेदन तोंडी आणि समक्ष करावे लागते. यांतील काहीही तारेने किंवा चित्रपडद्यावरून पाठविता येत नाही. म्हणून २० मार्च २०२० रोजी व्हॅटिकनने जाहीर केले, की ज्यांना धर्मगुरूपर्यंत पोहोचता येत नाही त्यांनी मनोमन खरा पश्चात्ताप करावा, त्यांना क्षमा मिळेल. रुग्णांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना विशेष कृपादान देण्यात आले. पवित्र सप्ताहातील पाय धुण्याचा विधी त्या वर्षी वगळण्यात आला. २७ मार्चच्या पावसाळी सायंकाळी पोप फ्रान्सिस रोममधील सेंट पीटरच्या निर्मनुष्य चौकात एकटे प्रार्थनेस उभे राहिले. तेथे जो क्रूस आणला होता, तो १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरविलेला.

बंगळूरचे आर्चबिशप त्या वेळी पीटर मचाडो होते. बंगळुरास येण्यापूर्वी २००६ ते २०१८ ते बेळगावचे बिशप होते, म्हणजे मराठी सीमाभागातील ख्रिस्ती समाज त्यांच्या परिचयाचा. बंगळूरच्या धर्मप्रांतात, देशातील इतर धर्मप्रांतांप्रमाणेच, धर्मगुरू रिकाम्या देवळात मिस्सा करीत आणि भाविक ती घरी बसून पाहत. १२ एप्रिलचा ईस्टर असाच गेला. मिलानच्या चौकातील वेदी आता घरातील भिंतीपाशी आली. परंतु जुन्या वेदीत आणि या नव्या वेदीत एक फरक होता. चौकातील वेदी गरीब-श्रीमंत दोघांच्याही खिडकीतून दिसे. पडद्यावरील मिस्सेसाठी यंत्र लागते आणि यंत्राला पैसा. हातावर पोट असणाऱ्या हमालाचा, मोलकरणीचा, डोळे अधू झालेल्या एकट्या वृद्धेचा त्या वेदीपासून अंतरायच झाला. त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे तर दूरध्वनीवरील आवाज, शिध्याची पिशवी आणि दाराशी येऊन नाव घेऊन केलेली चौकशी, हेच जुने मार्ग उरतात. साथीच्या काळात धर्मगुरूची आणि त्याच्या मंडळीची कसोटी लागते ती येथे. आपल्या मंडळीत एकटे कोण, आजारी कोण, कोणाची चूल पेटलेली नाही, याची यादी ज्याच्या मनात आधीपासून तयार असते, त्यालाच दार बंद असताना लोकांकडे जाण्याचा रस्ता सापडतो.

८ जून २०२० पासून धर्मस्थळे उघडण्यास परवानगी मिळाली. तरी त्या वर्षीच्या ८ सप्टेंबरला शिवाजीनगरच्या रस्त्यांवर नेहमीचा जनसागर लोटला नाही. ज्या आरोग्यमातेकडे लोकांनी प्लेगमध्ये धाव घेतली, असे परंपरा सांगते, तिच्याकडे या साथीत धावून जाता येत नव्हते. कित्येकांना हे जिव्हारी लागले असेल. परंतु तिच्या नावातच आरोग्य आहे. शेजाऱ्याचे आरोग्य जपण्यासाठी घरी थांबणे, हीही तिची एक पूजाच नव्हे काय?

१८९८ ला न जाणवलेली एक यातना २०२१ च्या दुसऱ्या लाटेत बंगळूरने सोसली. रुग्णालयात माणसे आप्तांविना गेली. पुष्कळांना अखेरचे तेल लागले नाही, हात हाती घेणारे कोणी नव्हते. त्या वेळी निरनिराळ्या धर्मांचे स्वयंसेवक अंगभर संरक्षक पोशाख चढवून दफनभूमींत आणि स्मशानांत उभे राहिले आणि परक्यांच्या मृतांना त्यांच्या त्यांच्या विधीने निरोप देऊ लागले. मृताला एकटे जाऊ न देणे हे ख्रिस्ती परंपरेत दयेचे कृत्य मानले आहे. त्या दिवसांत ते सर्वच धर्मांचे झाले.

त्याच वर्षी १६ जानेवारीला देशात करोनाची लस टोचण्यास प्रारंभ झाला होता. लोकांच्या मनात शंका होत्या, जशा द्युबॉय यांच्या काळी होत्या. ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी लस घेणे हे प्रेमाचे कृत्य आहे असे सांगितले. म्हैसूरच्या मुलखात गावोगाव लोकांना लशीसाठी राजी करणाऱ्या त्या फ्रेंच धर्मगुरूला हे शब्द नवे वाटले नसते.

शिवाजीनगरच्या देवळाची दारे आज उघडी आहेत आणि मेणबत्त्यांचा धूर पुन्हा मूर्तीपुढे दाटतो. दोन शतकांच्या या वृत्तान्तातून एवढे निश्चित दिसते, की देवळाचे दार लावणे हा त्याच्या कर्तव्याचा शेवट नसतो. दार लावल्यानंतर आतली माणसे कोणाच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, हे पाहावयाचे असते. द्युबॉय लस घेऊन गेले, बोर्रोमेओ वेदी घेऊन गेले, सावित्रीबाई एका आजारी पोराला पाठीवर घेऊन गेल्या. साथ ओसरल्यावर गर्दी परत येतेच. बंद दाराच्या दिवसांत कोण आले होते, हे मात्र माणसे जन्मभर विसरत नाहीत.