अणुरचना

अणुरचना : मूलद्रव्याची ओळख टिकवून ठेवणारा त्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू होय; अणूतील घटक कणांची संख्या, त्यांची मांडणी आणि त्यांना बांधून ठेवणारी बले यांच्या एकत्रित स्वरूपाला अणुरचना म्हणतात. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या कड्यांपासून मुळशी जलाशयाच्या काठापर्यंत पसरलेला काळा बेसॉल्ट खडक हे तिचे उत्तम उदाहरण आहे, कारण अणूच्या बाह्य भागात होणारे आणि गाभ्यात होणारे असे दोन्ही प्रकारचे बदल त्यात अभ्यासता येतात.

घटक कण : अणूच्या मध्यभागी असलेल्या केंद्रकात धनभारित प्रोटॉन आणि, साधा हायड्रोजन वगळता, विद्युतभार नसलेले न्यूट्रॉन असतात, तर केंद्रकाभोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावला, अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाची संकल्पना मांडली आणि जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधून काढला. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड असल्याने अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान केंद्रकात एकवटलेले असते. मात्र अणूचा व्यास केंद्रकाच्या व्यासाच्या दहा हजार ते एक लाख पट असतो. प्रोटॉन व न्यूट्रॉन क्वार्क या मूलभूत कणांचे बनलेले असतात; इलेक्ट्रॉनला मात्र अंतर्गत रचना असल्याचे आढळलेले नाही. केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येस अणुअंक म्हणतात व त्यावरूनच मूलद्रव्य ठरते. बेसॉल्टमधील प्रमुख मूलद्रव्यांपैकी ऑक्सिजनचा अणुअंक ८, सिलिकॉनचा १४ आणि लोहाचा २६ आहे.

इलेक्ट्रॉन व रासायनिक बदल : इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या कवचांत असतात, हे नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडले, पुढे पुंजयामिकीने इलेक्ट्रॉनची जागा केवळ संभाव्यतेच्या भाषेत सांगता येते हे दाखवून दिले. रासायनिक बदलांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचीच देवाणघेवाण किंवा भागीदारी होते. ताज्या बेसॉल्टमधील बरेचसे लोह दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्थितीत असते; मुळशीच्या मुसळधार पावसात खडक झिजून हवेशी संपर्क आला, की ते तिसरा इलेक्ट्रॉनही गमावते आणि त्याच्या ऑक्साइडांमुळे डोंगरउतारावरील मातीला तांबूस रंग येतो. या सर्व बदलात केंद्रकातील २६ प्रोटॉन जसेच्या तसे राहतात, म्हणून लोह हे लोहच राहते.

केंद्रक व समस्थानिके : प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी, अशा अणूंना समस्थानिके म्हणतात. बेसॉल्टमध्ये अल्प प्रमाणात असलेल्या पोटॅशियमच्या अणूंपैकी सुमारे ०.०१२ टक्के अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचे असतात. त्यांच्या केंद्रकात १९ प्रोटॉन व २१ न्यूट्रॉन असतात आणि त्यांचा अर्धायुकाल, म्हणजे निम्म्या अणूंचा क्षय होण्यास लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. क्षय पावणाऱ्या दर दहा अणूंपैकी सुमारे नऊ कॅल्शियम-४० मध्ये बदलतात. उरलेल्यात केंद्रक आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन ओढून घेते, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, न्यूट्रिनो बाहेर पडतो आणि १८ प्रोटॉनांचा आरगॉन-४० तयार होतो.

आरगॉनचे बाह्यतम कवच पूर्ण भरलेले असल्याने तो इतर अणूंशी बंध जोडत नाही, त्यामुळे तप्त लाव्हारसातून तो निसटून जातो. लाव्हा थिजल्यावर निर्माण झालेला आरगॉन मात्र स्फटिकांत अडकून राहतो. त्याचे पोटॅशियमशी असलेले प्रमाण मोजून खडकाचे वय काढतात. या व अन्य किरणोत्सारी पद्धतींनी दख्खनच्या लाव्हाथरांचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे ठरले आहे. सह्याद्री घडवणाऱ्या लाव्हाचा हा काळ समजू शकतो तो अणूच्या दोन्ही भागांमुळे : केंद्रकाचा क्षय काळाची नोंद करतो आणि आरगॉनची इलेक्ट्रॉनरचना त्या नोंदीचा आरंभ लाव्हा थिजण्याच्या क्षणाशी जोडून देते.