ठाण्याचे बेने इस्रायल आणि वंशाचा प्रश्न

ठाण्यात टेंभी नाक्याजवळचे 'शार हाशामाईम' म्हणजे 'स्वर्गाचे द्वार' हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८७९ सालचे आहे. ते उभारणारे बेने इस्रायल हे ज्यू मूळचे अलिबाग-पेणच्या किनारपट्टीचे. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांची भाषा मराठी, आडनावे पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी गावांवरून आलेली. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. म्हणजे गावाच्या लेखी ती एक जातच झाली.

समाजाच्या आतही जातीसारखीच रेघ ओढली गेली. 'गोरे' स्वतःला शुद्ध ज्यू रक्ताचे मानत. बिगर-ज्यू आईच्या संततीला 'काळे' म्हणत. नावे रंगाची असली तरी रेघ सोयरिकीची होती: गोऱ्यांची मुलगी काळ्यांच्या घरी दिली जात नसे. ब्रिटिश राजवटीत सरकारी पातळीवरही रक्ताचा हिशोब चालू होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून भारतीयांचे वंश ठरवले आणि मराठ्यांना 'सिथो-द्रविड', म्हणजे शक-द्रविड मिश्रणाचे, ठरवले. जातींमागे वंशभेदच आहे, हा त्यामागचा सिद्धान्त डॉ. आंबेडकरांनी साफ नाकारला.

इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांपुढे हाच प्रश्न उलटा होऊन उभा राहिला. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी लावली. लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. आईकडून येणारा वारसा मुख्यतः इथलाच. वंशावळीची खूण शरीरात खरोखर असते, हे त्यातून दिसते. पण शुद्ध रक्ताच्या दाव्याला त्यात आधार मिळत नाही. गोरे-काळे ही रेघ माणसांनीच आखली होती.

भारतात उरलेल्या बेने इस्रायलांची सर्वांत मोठी वस्ती आज ठाण्यात आहे. नवस फेडताना किंवा लग्नाआधी भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा हा विधी केला जातो. पोहे कोकणातले, प्रार्थना हिब्रू.