शब्दवेध : आगबोट

‘आगबोट’ हा शब्द अर्धा घरचा, अर्धा पाहुणा. ‘आग’ संस्कृत ‘अग्नी’पासून प्राकृत ‘अग्गि’च्या वाटेने आली, ‘बोट’ इंग्रजांची. यंत्र फिरवते ती वाफ, पण मराठी माणसाने नाव दिले आगीचे. मला ते अगदी नेमके वाटते. शिडाला वारा फुकट मिळे, वल्ह्याला मनगट पुरे. इथे मात्र भट्टी अखंड धगधगती ठेवावी लागे.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्या कोठारात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावे, आणि एडन तर अकरा दिवसांवर! मग उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरला. दोन्ही कुशींची चाके पाणी मागे लोटत, तशी ती पुढे सरके. २२ एप्रिलला ती सुएझला पोचली.

पुढे चाके जाऊन पाण्याखाली मळसूत्री पंखा आला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे धावली, तेव्हा तिच्यासाठीही तीच आग कामी आली : आगगाडी. बोलण्यात ‘आग’ हळूहळू गळाली. समुद्रावर मळमळले की आपण नुसते ‘बोट लागली’ म्हणतो.