पुराच्या दिवसांसाठी घरातील अन्नसाठा

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, त्याबरोबर मगरीही आल्या. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुन्हा तेच झाले. आजवा सरोवर भरून वाहू लागले की नदी चढते, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून तयारी पावसाळ्याआधीच झालेली बरी.

२०१९ मध्ये आमच्या कोठीत वर्षभराचा गहू होता. तरीही दुसऱ्या दिवशी पोळ्या झाल्या नाहीत. कणीक संपली होती, गिरणी पाण्यात होती आणि वीज नसल्यामुळे घरघंटीही बंद. पिण्याच्या पाण्याचा फिल्टरही विजेवरचाच. माझी आई तेव्हा ८३ वर्षांची होती, तिला मधुमेह. दीड दिवस तिला चहा-बिस्किटांवर काढावा लागला, याची टोचणी मला अजून आहे. साठा भरपूर होता, पण वेळेला उपयोगी पडला नाही. तेव्हा धान्य किती किलो आहे एवढेच न पाहता, वीज, गॅस आणि गिरणी नसताना त्यातले किती खाता येईल, हेही पाहावे.

किती ठेवावे?

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य आणि ८० ग्रॅम डाळ धरावी. चार माणसांच्या कुटुंबाला सात दिवसांसाठी :
• तांदूळ ४ किलो, दळलेली कणीक ४ किलो, पोहे व रवा मिळून ३ किलो
• मूगडाळ व मसूरडाळ मिळून अडीच किलो (या लवकर शिजतात, गॅस वाचतो)
• तेल १ लिटर, गूळ १ किलो, मीठ, हळद, तिखट, चहा, दूध पावडर
• मेतकूट, लोणचे, भाजलेले पापड

न शिजवता खाण्याचे

खाखरे, फुटाणे, शेंगदाणे, कुरमुरे, खजूर, सातूचे पीठ. पातळ पोहे तर नुसत्या तेल-तिखट-मेतकुटावरही होतात. किमान दोन दिवस यावर निघतील इतके ठेवावे. मधुमेही व्यक्तींसाठी फुटाणे, शेंगदाणे आणि खाखरे बिस्किटांपेक्षा बरे. त्यांची औषधे, तान्ह्या बाळाचे दूध आणि पथ्याचे पदार्थ यांची वेगळी यादी करावी.

पाणी

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज ३ लिटर. चौघांना सात दिवसांचे ८४ लिटर होते, म्हणजे २० लिटरचे चार जार आणि थोडे वर. एवढी जागा नसेल तर निदान तीन दिवसांचे ठेवावे. घरी भरलेले पाणी दर पंधरा दिवसांनी बदलावे. शंका असेल तर खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे.

कसे साठवावे?

धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. गव्हाला एरंडेल लावण्याची आपल्याकडची रीत चांगलीच आहे. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या मात्र टाळाव्यात, त्या पोटात जाणे बरे नव्हे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हा साठा माळ्यावर ठेवावा. काडेपेटी, मेणबत्त्या आणि टॉर्चचे सेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिथेच ठेवावेत.

साठा फिरता ठेवावा

अनेकजण वेगळा डबा भरतात आणि विसरतात. वर्षाने उघडला की आत जाळी आणि पोरकिडे. बँकेत आम्ही खाते चालू ठेवायला सांगत असू, तसाच हा साठाही चालू हवा. नवे आणले की मागे ठेवायचे, जुने पुढे घ्यायचे आणि आधी तेच वापरायचे. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख लिहावी. पावसाळ्यात कणीक महिन्याभरात संपवावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी यादी हातात घेऊन दहा मिनिटे डबे पाहावेत. घरातल्या मुलांना हे काम द्यावे, म्हणजे कुठे काय आहे ते सर्वांना कळेल.

पाणी ओसरल्यावर

पुराचे पाणी लागलेले धान्य, पीठ, मसाले वाळवूनही खाऊ नयेत. पाण्यात बुडालेल्या फिरकीच्या झाकणाच्या बाटल्याही टाकून द्याव्यात. वीज गेल्यावर बंद ठेवलेला फ्रीज सुमारे चार तासच गार राहतो, म्हणून दूध आणि शिजवलेले अन्न आधी संपवावे. जुलाब झाल्यास १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून, चहाच्या चमच्याने मोजून, थोडे थोडे द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या आई-आजी उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे घालून पावसाळ्याची बेगमी करत. तीच सवय आता थोडी हिशेबाने चालवायची आहे. आणि साठा करताना शेजारी एकटे राहणारे कोणी ज्येष्ठ असतील, तर एक माणूस जास्त धरावा.