परदेशात घरचं इंटरनेट बंद पडलं तर: राउटर बिघडला की लाइन, कसं ओळखायचं आणि नवा राउटर कसा बसवायचा?

शनिवारी रात्री राउटरचे दिवे विझतात. रविवारी सकाळी आई-बाबांना व्हिडिओ कॉल करायचा असतो, सोमवारी ऑफिसची मीटिंग घरूनच असते. भारतात असतं तर केबलवाल्याला फोन केला असता, संध्याकाळपर्यंत माणूस येऊन बघून गेला असता. जर्मनीत मात्र रविवारी दुकानं बंद असतात, कंपनीचा तंत्रज्ञ अपॉइंटमेंटशिवाय येत नाही आणि फोनवर आधी जर्मन भाषेतलं यंत्र बोलतं.

शिक्षण किंवा नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या मराठी मंडळींना हा अनुभव कधी ना कधी येतो. अशा वेळी घाईने नवा राउटर विकत घेतला जातो आणि नंतर कळतं की बिघाड राउटरमध्ये नव्हताच. म्हणून बिघाड नेमका कुठे आहे हे आधी शोधायचं, मग तक्रार करायची आणि खरेदी सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळलेला बरा.

सगळ्यात आधी एक सुरक्षेची गोष्ट

जर्मनीत घरचा लँडलाइन फोन आता बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरूनच चालतो. म्हणजे राउटर बंद पडला की तो फोनही बंद. घरात वयस्कर माणूस, लहान मूल किंवा आजारी व्यक्ती असेल तर एक मोबाइल कायम चार्ज करून ठेवावा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक मोबाइलवरूनही मोफत लागतो.

बिघाड कुठे आहे? पाच तपासण्या

१. एकाच उपकरणाचा प्रश्न आहे का? फोनवर इंटरनेट चालतं आणि लॅपटॉपवर नाही, तर राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करावं.

२. केबल लावून पाहावी. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. केबलवर नेट चालत असेल आणि वाय-फायवर नसेल, तर लाइन ठीक आहे. अडचण वाय-फायच्या सेटिंगमध्ये किंवा राउटरच्या वाय-फाय भागात आहे.

३. दिवे पाहावेत. एकही दिवा लागत नसेल तर आधी संशय पॉवर अडॅप्टरवर घ्यावा. अडॅप्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. दिवे लागतात, पण लाइनचा दिवा लुकलुकत राहतो, याचा अर्थ राउटर चालू आहे आणि त्याला कंपनीचा सिग्नल मिळत नाही. जर्मनीत घरोघरी दिसणाऱ्या फ्रिट्झबॉक्सच्या डीएसएल मॉडेलवर 'पॉवर/डीएसएल' हा दिवा स्थिर असेल तर लाइन जुळलेली असते, लुकलुकत असेल तर नसते.

४. शेजाऱ्यांना विचारावं. त्याच इमारतीत त्याच कंपनीचं नेट दुसऱ्या कुणाकडेही बंद असेल, तर दोष घराबाहेरचा आहे. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर परिसरातला बिघाड तपासता येतो. त्यासाठी मोबाइल डेटा वापरावा.

५. एकदाच रीस्टार्ट करावं. राउटरचा प्लग काढून मिनिटभर थांबावं आणि पुन्हा लावावा. सगळं जुळायला पाच ते दहा मिनिटं द्यावीत. दर दोन मिनिटांनी बंद-चालू करू नये. काही डीएसएल लाइनवर वारंवार तुटणारं कनेक्शन 'लाइन अस्थिर आहे' असं समजलं जातं आणि यंत्रणा आपोआप वेग कमी करते.

अडॅप्टर मेला, राउटर नाही

राउटर अचानक बंद पडतो, आपोआप रीस्टार्ट होतो, तासाभराने पुन्हा तेच होतं. अशा तक्रारीमागे बऱ्याचदा राउटरचा छोटा पॉवर अडॅप्टर असतो. दिवसरात्र चालून तो थकतो आणि पुरेसा वीजप्रवाह देत नाही.

नवा अडॅप्टर घेताना तीन गोष्टी जुळायला हव्यात. व्होल्ट तेवढेच असावेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आणि पिनचा आकार व धन-ऋण दिशा तीच हवी. नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला तर चांगला राउटरही जळू शकतो. घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर 'बसतोय' म्हणून लावू नये.

रीसेटचं बटण: थांबा आणि विचार करा

राउटरच्या मागचं बारीक छिद्र, त्यात टाचणी घालून दाबायचं फॅक्टरी रीसेट. हा उपाय अनेक जण पहिल्याच मिनिटाला करतात आणि तिथेच फसतात. रीसेटने वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तर जातातच, शिवाय कंपनीने दिलेलं लॉगिनही पुसलं जातं. काही जोडण्यांवर राउटर ही माहिती आपोआप परत मिळवतो, पण सगळ्यांवर नाही.

जर्मनीत या माहितीला 'त्सूगांग्सडाटन' म्हणतात. कनेक्शन घेताना ती पत्राने किंवा ग्राहक खात्यात मिळते. ते पत्र हाताशी आल्याशिवाय रीसेट करू नये. शेअरिंगच्या घरात कनेक्शन आधीच्या भाडेकरूच्या नावावर असेल तर हे पत्र मिळणं आणखी कठीण. म्हणून घरात राहायला येतानाच त्याचा फोटो काढून ठेवलेला बरा.

तक्रार कशी करायची?

जर्मन भाषेत बिघाडाला 'श्ट्योरुंग' म्हणतात. 'इश म्योश्ते आयने श्ट्योरुंग मेल्डन', म्हणजे 'मला बिघाडाची तक्रार नोंदवायची आहे', एवढं वाक्य आलं तरी पहिला टप्पा पार होतो. फोन लावण्याआधी ग्राहक क्रमांक, राउटरचं मॉडेल आणि कोणता दिवा कसा आहे हे लिहून ठेवावं. केबल लावून तपासलं, रीस्टार्ट केलं, हेही सांगावं. नाहीतर फोनवरचा कर्मचारी तेच पुन्हा करायला सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं: तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि वेळ जपून ठेवावी. कारण भरपाईचे दिवस तिथूनच मोजले जातात.

भरपाईचा हक्क

१ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या जर्मनीच्या दूरसंचार कायद्यानुसार, सेवा पूर्ण बंद असेल आणि तक्रारीनंतर दोन दिवसांत सुरू झाली नाही, तर घरगुती ग्राहकाला भरपाई मागता येते.

- तिसऱ्या आणि चौथ्या दिवसासाठी: रोज ५ युरो किंवा मासिक बिलाच्या १० टक्के, यातली मोठी रक्कम.
- पाचव्या दिवसापासून: रोज १० युरो किंवा मासिक बिलाच्या २० टक्के, यातली मोठी रक्कम.
- ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ आलाच नाही तर: १० युरो किंवा मासिक बिलाच्या २० टक्के, यातली मोठी रक्कम.

उदाहरणार्थ, महिन्याचं बिल ४० युरो आहे. सोमवारी तक्रार केली आणि नेट पुढच्या सोमवारी सकाळी आलं. मग गुरुवार-शुक्रवारचे पाच-पाच आणि शनिवार-रविवारचे दहा-दहा, असे ३० युरो होतात. पैसे आपोआप येतील असं धरून चालू नये, लेखी मागणी करावी.

मात्र बिघाड ग्राहकाच्या स्वतःच्या राउटरमध्ये निघाला, तर ही भरपाई मिळत नाही. म्हणून वरच्या पाच तपासण्या आधी करायच्या.

नेट बंद नाही, पण फार हळू आहे, हा प्रकार वेगळा. त्यासाठी 'बुंडेसनेट्सआगेंटूर' या सरकारी नियामक संस्थेचं मोफत वेगमापन ॲप आहे. लॅन केबल लावून त्यावर ठरलेल्या पद्धतीने मोजणी केली, तर तो अहवाल बिल कमी करून घ्यायला किंवा करार मोडायला पुरावा म्हणून वापरता येतो.

राउटर भाड्याचा की स्वतःचा?

बिघाड राउटरमध्येच आहे हे नक्की झालं, की पुढचा प्रश्न हा. मासिक बिलात राउटरचं वेगळं भाडं दिसत असेल, तर तो कंपनीचा आहे. तो बदलून देणं हे कंपनीचं काम, नवा विकत घेण्याची गरज नाही.

स्वतःचा असेल तर खरेदीचं बिल शोधावं. जर्मनीत नव्या वस्तूच्या दोषासाठी विक्रेता दोन वर्षं जबाबदार असतो. पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो मुळातच होता असं कायदा धरून चालतो. त्यामुळे 'उत्पादक कंपनीशी बोला' असं दुकानदार म्हणाला तरी ग्राहकाला दुकानदाराकडेच दाद मागता येते.

स्वतःच्या पसंतीचा राउटर लावण्याचा हक्कही कायद्याने दिला आहे. १ ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत कंपनी 'आमचाच राउटर वापरा' अशी सक्ती करू शकत नाही. याला तिथे 'राउटरफ्रायहाइट', म्हणजे राउटरचं स्वातंत्र्य, म्हणतात. तीन-चार वर्षं राहायचं असेल तर भाड्याचा हिशेब मांडून पाहावा. बऱ्याचदा तेवढ्यात स्वतःचा राउटर येतो. सहा महिन्यांसाठीच राहायचं असेल तर भाड्याचाच बरा.

नवा घेताना: लाइन कोणती ते पाहा

दुकानात 'राउटर द्या' म्हणून चालत नाही. घरात येणारी लाइन तीनपैकी एका प्रकारची असते.

डीएसएल: टेलिफोनच्या तारेवरून येतं. भिंतीवर 'टीएई' नावाचं सॉकेट असतं, त्यातल्या 'एफ' खाचेत केबल लावायची. २५० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर राउटर 'सुपरव्हेक्टरिंग' चालवणारा हवा. जुना राउटर लाइन जुळवेल, पण तेवढा वेग देणार नाही.

केबल: टीव्हीच्या केबलवरून येतं. इथे 'डॉक्सिस' तंत्रज्ञानाचा राउटर लागतो. तो नुसता जोडून चालत नाही. त्याचा मॅक क्रमांक कंपनीकडे नोंदवून सुरू करून घ्यावा लागतो.

फायबर: भिंतीवर 'ओएनटी' नावाची छोटी पेटी असते आणि तिच्यापासून राउटरपर्यंत लॅन केबल येते. इथे वॅन पोर्ट असलेला साधा राउटरही चालतो. फक्त लॉगिन आणि काही ठिकाणी व्हीलॅन क्रमांक टाकावा लागतो. उदाहरणार्थ, डॉइश टेलिकॉमच्या लाइनवर तो ७ असतो.

ऑनलाइन घेतलेला राउटर पसंत पडला नाही तर १४ दिवसांत खरेदी रद्द करता येते.

भारतातून राउटर नेला तर चालेल का?

वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे अडॅप्टरचा प्रश्न फारसा येत नाही. पिन बसत नसेल तर कन्व्हर्टर लागतो. खरी अडचण लाइनची आहे.

भारतात फायबर कंपनीने बसवलेली पेटी त्या कंपनीच्या जाळ्यासाठी तयार केलेली असते. ती परदेशात उपयोगाची नाही, आणि बहुधा ती कंपनीचीच मालमत्ता असते. जुना एडीएसएल मोडेम तर जर्मनीतल्या लाइनशी जुळतच नाही, कारण तिथे त्या तंत्राचा वेगळा उपप्रकार वापरला जातो. वॅन पोर्टचा साधा वाय-फाय राउटर मात्र ओएनटीच्या मागे चालू शकतो. त्याच्या सेटिंगमध्ये देश बदलायला विसरू नये, कारण वाय-फायच्या चॅनेलचे आणि ताकदीचे नियम देशागणिक वेगळे आहेत.

बसवताना उपयोगी पडणाऱ्या गोष्टी

- नव्या राउटरला जुनंच वाय-फाय नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर फोन, टीव्ही, प्रिंटर सगळं आपोआप जोडलं जातं.
- राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा ठेवावा आणि सॉफ्टवेअर लगेच अपडेट करावं.
- पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू करावं. जर्मनीत टॉरेंटवरून बेकायदा चित्रपट उतरवला तर वकिलाची नोटीस ज्याच्या नावावर लाइन आहे त्याला येते, मग उतरवणारा रूममेट का असेना.
- राउटर कपाटात किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर आणि हवेशीर जागी ठेवावा.

जुन्या राउटरचं काय?

भाड्याचा असेल तर अडॅप्टरसह कंपनीला परत पाठवावा आणि पार्सलची पावती जपावी. परत मिळाला नाही असं सांगून कंपनी पैसे लावू शकते, तेव्हा ती पावतीच कामी येते. स्वतःचा असेल तर आधी रीसेट करून माहिती पुसावी. तो घरच्या कचऱ्यात टाकायला जर्मनीत मनाई आहे. इलेक्ट्रॉनिक्सची मोठी दुकानं २५ सेंटीमीटरपर्यंतची जुनी उपकरणं नवी खरेदी न करताही मोफत परत घेतात.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये

अमेरिकेत केबल कंपन्यांची मान्य मोडेमची यादी असते, ती पाहूनच खरेदी करावी. ग्राहक स्वतःचं उपकरण वापरत असेल तर कंपनीला त्याचं भाडं लावता येत नाही, असा तिथला कायदा डिसेंबर २०२० पासून लागू आहे. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आहे. अडॅप्टरवर '१००-२४०' लिहिलं नसेल तर तो तिथे चालणार नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून अनेक मोठ्या कंपन्या स्वेच्छा योजनेत सहभागी झाल्या आहेत. सेवा दोन पूर्ण कामकाजाच्या दिवसांनंतरही सुरू झाली नाही तर त्या मागणी न करताच भरपाई देतात.

नेट येईपर्यंत

फोनचा हॉटस्पॉट हा तात्पुरता आधार. लॅपटॉपला तो यूएसबी केबलने जोडला तर बॅटरी टिकते आणि कनेक्शनही स्थिर राहतं. डेटा पुरवायचा असेल तर व्हिडिओऐवजी साधा व्हॉइस कॉल करावा. आणि घरी एक मेसेज आधीच टाकून ठेवावा की 'नेट बंद आहे, काळजी नको'. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असलेल्या घड्याळाकडे बघत तिकडे कुणीतरी फोनची वाट पाहत असतं.