अंतराळवीरांचा व्यायाम आणि खाटेवरचा रुग्ण

आजीचा ताप उतरून महिना झाला, तरी ती खाट सोडत नाही. हरसूलच्या दवाखान्यात ही तक्रार मला नेहमी ऐकायला मिळते. "अशक्तपणा आहे डॉक्टर, सलाईन लावा." पण बरेचदा औषध कमी पडलेलं नसतं, पायच वापरात नसतात.

अंतराळवीरांची अडचणही हीच. अंतराळ स्थानकात शरीर तरंगतं, पायांवर भार येत नाही. पिंढऱ्या बारीक होतात. व्यायाम केला नाही तर कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटते. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला स्थानकावर १८ दिवस राहिले, तेव्हा त्यांच्याकडच्या भारतीय प्रयोगांपैकी एक स्नायूंच्या झिजेवरच होता. मंगळापर्यंतच्या लांब प्रवासासाठी हा प्रश्न सुटायला हवा.

तिथे डंबेल उचलून उपयोग नाही, त्याला वजनच नसतं! म्हणून निर्वात नळकांड्यांच्या जोराविरुद्ध उठाबशा काढायचं यंत्र बनवलं आहे. ट्रेडमिलवर पट्ट्यांनी शरीर खाली ओढून धरतात. रोज सुमारे दोन तास हेच चालतं. मंगळाच्या यानात जागा कमी असेल, म्हणून आता लहान यंत्रांवर काम सुरू आहे.

या उपायांची चाचणी जमिनीवर कशी घेतात? धडधाकट माणसांना डोक्याकडची बाजू ६ अंश खाली करून कित्येक आठवडे अंथरुणात ठेवतात. म्हणजे अंतराळाची नक्कल करायची, तर माणसाला नुसतं झोपवून ठेवलं की झालं. आपण घरी प्रेमापोटी तेच करतो.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर रुग्णाला दिवसातून चार-पाच वेळा बसवा. आधाराने उभं करा, नंतर ओट्यापर्यंत चालवा. पडून असतानाही पावलं खाली-वर हलवायला सांगा. नागलीच्या भाकरीसोबत डाळ किंवा अंडं द्या.

उठल्यावर चक्कर येते? आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा. अंतराळवीर परतण्यापूर्वी मीठ आणि भरपूर पाणी घेतात, पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने तसं स्वतःहून करू नये.

एकच पिंढरी सुजून दुखत असेल किंवा अचानक धाप लागली, तर पाय चोळू नका, चालवू नका. रक्ताची गुठळी असू शकते; त्याच वेळी रुग्णालयात न्या.