दिदिये देशाँ

दिदिये क्लोद देशाँ (जन्म: १५ ऑक्टोबर, इ.स. १९६८, बायोन, फ्रान्स) हे फ्रेंच फुटबॉल खेळाडू व प्रशिक्षक आहेत. ते मधल्या फळीत बचावात्मक स्थानावर खेळत. फ्रान्सने इ.स. १९९८ चा विश्वचषक त्यांच्या नेतृत्वाखाली, तर इ.स. २०१८ चा विश्वचषक त्यांच्या प्रशिक्षणाखाली जिंकला. खेळाडू व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारे मारियो झागालो व फ्रान्त्स बेकेनबाउअर यांच्यानंतरचे ते तिसरे होत.

खेळाडू म्हणून कारकीर्द

देशाँ यांच्या व्यावसायिक कारकिर्दीस नाँत संघातून इ.स. १९८५ मध्ये प्रारंभ झाला. इ.स. १९८९ मध्ये ते मार्सेल संघात गेले. इ.स. १९९३ मध्ये मिलानचा १-० असा पराभव करून मार्सेलने चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा २४ वर्षांचे देशाँ संघाचे कर्णधार होते. युव्हेन्टसकडून त्यांनी इ.स. १९९६ मध्ये हीच स्पर्धा पुन्हा जिंकली. पुढे चेल्सी व व्हॅलेन्सिया या संघांकडून खेळून ते इ.स. २००१ मध्ये निवृत्त झाले.

फ्रान्सकडून ते १०३ सामने खेळले. त्यांत त्यांचे गोल अवघे चार आहेत. नोव्हेंबर १९९३ मध्ये पॅरिसमध्ये बल्गेरियाकडून २-१ असा पराभव झाल्याने फ्रान्स इ.स. १९९४ च्या विश्वचषकास मुकला. त्या सामन्यात खेळलेल्या देशाँ यांनीच पाच वर्षांनी विश्वचषक आणि इ.स. २००० मध्ये युरो चषक कर्णधार म्हणून स्वीकारला.

खेळाची शैली

प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिरावून तो सर्जनशील सहकाऱ्यांकडे सोपवणे, हे त्यांचे मुख्य काम असे. यावरून त्यांचे माजी सहकारी एरिक काँतोना यांनी त्यांना हिणवून 'पाणक्या' म्हटले. मात्र अशा खेळाडूच्या श्रमांमुळेच झिनेदिन झिदान यांच्यासारख्यांना आक्रमणाची मोकळीक मिळत असे.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

इ.स. २००१ मध्ये ते मोनॅकोचे प्रशिक्षक झाले. हा संघ इ.स. २००४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचला, पण पोर्तोकडून ३-० असा हरला. सामनानिश्चिती प्रकरणानंतर दुसऱ्या श्रेणीत ढकलल्या गेलेल्या युव्हेन्टसला त्यांनी इ.स. २००७ मध्ये पहिल्या श्रेणीत परत नेले. इ.स. २०१० मध्ये मार्सेलने त्यांच्या प्रशिक्षणाखाली १८ वर्षांनी फ्रेंच लीगचे विजेतेपद मिळवले.

इ.स. २०१२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती घेतली. इ.स. २०१६ च्या युरो अंतिम सामन्यात मायदेशी पोर्तुगालकडून अतिरिक्त वेळेत १-० अशी हार पत्करावी लागली. दोन वर्षांनी मॉस्कोमध्ये क्रोएशियाला ४-२ असे नमवून फ्रान्स विश्वविजेता झाला. इ.स. २०२१ मध्ये फ्रान्सने नेशन्स लीग जिंकली. इ.स. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरीत सुटल्यावर अर्जेंटिना पेनल्टी शूटआउटमध्ये विजयी झाला.

टीका व मूल्यमापन

गुणवान आक्रमक खेळाडू हाताशी असूनही देशाँ यांचे डावपेच अतिसावध असतात, अशी टीका वारंवार होते. इ.स. २०१८ च्या उपांत्य व अंतिम सामन्यांत चेंडूचा ताबा अधिक काळ प्रतिस्पर्ध्यांकडेच होता. उपांत्य सामन्यानंतर बेल्जियमचे गोलरक्षक तिबो कोर्त्वा यांनी फ्रान्सच्या बचावात्मक खेळावर उघड नाराजी व्यक्त केली. करीम बेन्झेमा यांना इ.स. २०१५ ते २०२१ या काळात संघाबाहेर ठेवण्याचा निर्णयही वादग्रस्त ठरला. तथापि, देखण्या खेळापेक्षा संघाच्या समतोलास दिलेले प्राधान्य हे देशाँ यांच्या दोन्ही कारकिर्दींचे समान सूत्र मानता येते.

इ.स. २०२६ च्या विश्वचषकानंतर आपण राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सोडणार असल्याचे त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले.